पोटात एक आणि कडेवर एक घेऊन जर्मनीला निघालेल्या मैत्रिणीला

तुझा प्रश्न काल रात्री वाचला आणि नंतर बराच वेळ झोप लागली नाही. तू लिहिलंस ते असं: घर मनीषनगरला, नवऱ्याला फ्रँकफर्टजवळ नोकरी लागली, जानेवारीत रुजू व्हायचं आहे. मुलगी अडीच वर्षांची, शिवाय तुला चौथा महिना लागलाय. डिलिव्हरी नागपूरला करावी की तिकडे, मुलीचं पाळणाघर आणि डॉक्टर कसं जमवायचं, सासूबाईंना सोबत नेता येईल का, सामानात काय घ्यायचं. आणि शेवटच्या ओळीत, ‘ताई, खूप एकटं वाटतं का हो?’ ताई म्हणालीस म्हणून मी सरळ अगंतुगं करते, राग मानू नको.

मी प्रतापनगरची. २०१६ च्या ऑक्टोबरात साडेतीन वर्षांच्या मुलाला घेऊन इथे आले. मुलगी २०१८ मध्ये इथेच झाली. व्हिसा, ब्लू कार्ड, नोंदणी, कर हे सगळं सरकारी संकेतस्थळांवर इंग्रजीतही नीट दिलेलं आहे, ते मी परत लिहीत नाही. जे तिथे सापडत नाही आणि मला कोणी सांगितलं नाही, तेवढं लिहिते.

एकटेपणाचं आधी उरकते. हो, वाटतं. पहिला हिवाळा जड जातो, डिसेंबरात साडेचारलाच अंधारून येतं. मग सवय होते.

आता कामाचं. हे वाचून झालं की कपाट उघड आणि मुलीचा जन्मदाखला काढ. त्यावर तिचं नाव आहे का ते बघ. दवाखान्यातून नोंद जाते तेव्हा बाळाचं नाव ठेवलेलं नसतं, रकाना कोरा राहतो, आणि आपण दाखला फाईलला लावून मोकळे होतो. माझ्या मुलाचा तसाच होता. नाव घालायला झोन कार्यालयात मी चार चकरा मारल्या. एकदा साहेब नव्हते, एकदा वीज नव्हती, एकदा माझं नाव आधारवर एक आणि दाखल्यावर दुसरं निघालं. दाखल्यावर मी ‘सौ.’ लावून आडनाव बदललेली, पासपोर्टवर माहेरची. आपल्या इकडे असं चालून जातं, समजून घेणारा माणूस समोर असतो. इथे टेबलापलीकडच्या बाईला कागदावर दोन नावं म्हणजे दोन बायका दिसतात. तेव्हा तुझं, नवऱ्याचं आणि मुलीचं नाव जन्मदाखला, लग्नाचा दाखला आणि पासपोर्ट या तिन्हींवर अक्षर न् अक्षर एकसारखं करून घे.

आणि तुझा स्वतःचा जन्मदाखला? मुलीचा नाही, तुझा. हे विचारायचं कारण सांगते. माझा जन्म १९८६ चा, आर्वीजवळच्या खेड्यात, आजोळी, घरीच. नोंद कोणी केलीच नाही. शाळा सोडल्याच्या दाखल्यावर माझं कॉलेज झालं, पासपोर्ट झाला, लग्नाची नोंद झाली. मुलगी झाली तेव्हा इथल्या नोंदणी कार्यालयाने, त्याला श्टांडेसाम्ट म्हणतात, बाळाच्या आईचा आणि बापाचा जन्मदाखला मागितला. शाळेचा दाखला त्यांनी हातातही घेतला नाही. आपल्या अपोस्टिलचा, म्हणजे कागद परदेशात खरा धरावा म्हणून आपलं सरकार मारतं तो, शिक्काही जर्मनी मान्य करत नव्हती. कागद तपासणीसाठी परत भारतात जायचे, तिथला वकील गावात जाऊन चौकशी करायचा, त्यात महिने जायचे. आणि वर्ष उलटून गेलेल्या जन्माची नोंद आपल्याकडे करायची तर दंडाधिकाऱ्याचा आदेश लागतो. माझे वडील त्यासाठी सत्तराव्या वर्षी उन्हातान्हात आर्वीला फिरले.

तोवर मुलीला पूर्ण जन्मदाखला मिळाला नाही. नोंदवहीचा एक उतारा मिळाला, त्यावर शेरा होता: आईची ओळख सिद्ध झालेली नाही. माझं सिझेरियन झालं होतं. पोटावरचे टाके अजून ओढत होते, आणि हातातला कागद तसं म्हणत होता. ते वाक्य मला तेव्हा शब्दकोश घेऊन वाचावं लागलं, पण नंतर कधी विसरले नाही.

त्या उताऱ्यावरही बाळाचा आरोग्यविमा होतो, बालभत्त्याचा अर्ज करता येतो, हे मला माहीत नव्हतं. मी पूर्ण दाखल्याची वाट बघत बसले. किंडरगेल्ड, म्हणजे दरमहा मिळणारा बालभत्ता, तेव्हा १९४ युरो होता, २०२५ मध्ये २५५ झाला. तो मागे जाऊन फक्त सहा महिन्यांचा मिळतो. एल्टर्नगेल्ड, म्हणजे बाळंतपणानंतर आई-बापाला मिळणारा भत्ता, तर मागचा तीनच महिन्यांचा. आमचे काही महिने असेच बुडाले. तेव्हा कागद अपुरे असले तरी अर्ज टाकायचा, ‘उरलेले कागद नंतर देते’ असं लिहायचं आणि पोच घ्यायची. इथे अर्जाची तारीख मोजतात.

आता डिलिव्हरी. माझं मत, इथेच कर. जानेवारीत तुला सहावा लागेल, प्रवासाला तो बरा. अठ्ठावीस आठवड्यांनंतर बहुतेक विमान कंपन्या डॉक्टरचं पत्र मागतात. नवऱ्याने सरकारी विमा घेतला की, तुझी स्वतःची कमाई सुरू होईपर्यंत, तू आणि मुलगी वेगळा हप्ता न भरता त्यात येता. बाळंतपणाचा खर्च मिळायला आधी काही महिने थांबावं लागत नाही. नागपूरला करून मागाहून यायचं म्हटलं तर बाळाचा पासपोर्ट, बाळाचा व्हिसा, यात महिने जातात. असं केलेल्या दोन घरी मी गेले आहे. एका बापाने लेकरू पहिल्यांदा हातात घेतलं तेव्हा ते पाच महिन्यांचं होतं आणि त्याला बघून रडलं.

विम्यावरून एक गोष्ट ठळक लक्षात ठेव. पगार बरा असेल तर खाजगी विम्याचे दलाल नवऱ्याच्या मागे लागतील, हप्ता कमी दाखवतील. खाजगीत बायको आणि प्रत्येक मूल यांचा हप्ता वेगळा भरावा लागतो. शिवाय मूल आजारी पडल्यावर आई-बापाला मिळणारी भरपगारी म्हणावी अशी सुटी सरकारी विम्याच्या घरांनाच आहे: २०२५ मध्ये प्रत्येक मुलामागे, प्रत्येक पालकाला, वर्षाला १५ दिवस. मूल बारा वर्षांचं होईपर्यंत. बुडालेल्या हातच्या पगाराचे नव्वद टक्क्यांच्या आसपास विमा देतो. पहिल्या हिवाळ्यात तुला ते पंधरा दिवसही पुरणार नाहीत.

सुईण आजच शोध. तिला इथे हेबामं म्हणतात. इथल्या बायका चाचणी झाली की त्याच आठवड्यात फोन लावायला लागतात, तुला चौथा लागलाय म्हणजे उशीरच झाला आहे. नागपूरला बसूनच वीस-पंचवीस जणींना ईमेल टाक: पत्ता या भागात असेल, तारीख अमुक, दुसरं बाळंतपण. बाळ घरी आल्यावर पहिले दहा दिवस ती रोज येऊ शकते, नंतर बारा आठवड्यांपर्यंत अधूनमधून, पैसे विमा भरतो. माझ्याकडे आली ती साठीची होती. कापडाच्या झोळीत बाळाला घालायची, झोळी हातातल्या काट्याला टांगायची आणि ग्रॅम मोजायची. आपल्या बाजारात भाजी तोलतात तसं दिसायचं ते.

तेव्हा माझी आई इथे होती. आई न्हाणीघरात पाय पसरून बसली, बाळाला नडग्यांवर पालथं घेतलं आणि तेल लावायला लागली. इथल्या न्हाणीघराच्या फरशीला मोरी नसते, पाणी जायला जागाच नाही, म्हणून आई शॉवरच्या त्या चौकोनात अंग चोरून बसली होती. हेबामं दारात उभी राहून बघत होती. मला वाटलं आता ही काहीतरी बोलणार. ती खाली उकिडवी बसली आणि आईच्या अंगठ्याकडे बघत राहिली, बाळाच्या पाठीवरून तो कसा फिरतो ते. मग मला म्हणाली, ‘त्यांना विचार, जोर कुठे देतात?’ आईने तिचा हात धरून दाखवलं. दोघींची भाषा एक नव्हती, आणि त्या दिवशी न्हाणीघरात माझी काही गरज नव्हती. धुरीचा विचार मात्र सोडून दे, छताला धुराची घंटी असते.

सासूबाईंना कायमचं नेता येईल असं धरू नको. येतील त्या पाहुण्या म्हणून, १८० दिवसांत जास्तीत जास्त ९० दिवस, आणि किमान ३०,००० युरोंचा प्रवासविमा काढून. हे नव्वद दिवस कधी खर्च करायचे याचा नीट विचार कर, मी केला नाही. आई तारखेच्या तीन आठवडे आधी आली, बाळ तारखेनंतर आलं, म्हणजे महिना वाट बघण्यातच गेला. पहिले दोन आठवडे हेबामं येते, नवरा रजेवर असतो, माणसं असतात. खरी गरज नवरा कामावर गेल्यावर लागते, तिसऱ्या आठवड्यापासून पुढे. सासूबाईंचं तिकीट तेव्हाचं काढ. मोठीची मात्र सोय बघ. मी दवाखान्यात होते तेव्हा घरी पाच वर्षांचा मुलगा होता. आई आजारी किंवा दवाखान्यात असेल, घरात बाराच्या आतलं मूल असेल आणि त्याला सांभाळणारं दुसरं कोणी घरात नसेल, तर विम्याकडे घरकामाला माणूस मागता येतो. इथे तो हक्क आहे. माझी आई तेव्हा होती म्हणून आम्हाला लागला नसता, पण दोन वर्षांनी पित्ताशयाच्या ऑपरेशनला गेले तेव्हा लागला असता. मी मागितला नाही, कारण असं काही असतं हेच माहीत नव्हतं. नवऱ्याने सगळी रजा त्यात घातली.

आणखी एक, सोनोग्राफीच्या वेळी दचकू नको. इथली डॉक्टर हसत विचारते, ‘मुलगा की मुलगी, जाणून घ्यायचंय?’ आपल्याकडे भिंतीवर पाटी वाचून आलेली मी, मला वाटलं ही मला पारखते आहे. मी नको म्हणाले.

मुलीच्या लसीकरणाचं पुस्तक सोबत घे, पेटीत नाही, हातातल्या बॅगेत. प्रत्येक लशीपुढे तारीख, शिक्का, सही आहे का ते नागपुरातच तपास. १ मार्च २०२० पासून इथे गोवराच्या लशीचा पुरावा दिल्याशिवाय किटात, म्हणजे पाळणाघर-बालवाडीत, घेत नाहीत. दोन वर्षांवरच्या मुलाला दोन डोस लागतात. आपल्याकडे पहिला नवव्या महिन्यात होतो, दुसरा सोळाव्या महिन्यानंतर. दुसरा झालाय आणि त्याचा शिक्काही आहे, याची खात्री कर. दंडावरचा बीसीजीचा वण बघून एखादा तरुण डॉक्टर विचारेल हे काय, कारण इथे ती लस १९९८ पासून सरसकट देत नाहीत.

बालरोगतज्ज्ञ मिळणं अवघड आहे. फोन केला की ‘नवे पेशंट घेत नाही’ हेच ऐकू येतं. आपल्याकडे रात्री नऊला धंतोलीत गेलं तरी डॉक्टर भेटतो, चिठ्ठीवर चार औषधं मिळतात आणि आपल्याला बरं वाटतं. इथे घर घ्यायच्या आधीच त्या भागातल्या दवाखान्यांना फोन कर. कोणीच घेत नसेल तर ११६११७ वर वेळ मागता येते, आणि रात्री-रविवारी जाता येईल असा दवाखानाही तोच नंबर सांगतो. जीवावरचं असेल तर ११२. मुलांच्या ठरावीक वयातल्या तपासण्या असतात, पिवळ्या वहीत लिहितात. दोन वर्षांची, तीनची, चारची, पाचची. तीनची तपासणी तुझ्या मुलीची लगेच येईल, ती चुकवू नको, किटा आणि शाळा दोन्ही ती वही मागतात.

औषधाचं मन घट्ट कर. मुलाला पहिल्यांदा १०४ ताप चढला तेव्हा रात्री दोनला आम्ही त्याला रजईत गुंडाळून नेलं. तीन तास बसलो. डॉक्टरने कान बघितले, घसा बघितला, पोट दाबलं आणि सांगितलं, पाणी पाजा, झोपू द्या, फार अस्वस्थ असेल तर तापाचं औषध. अँटिबायोटिक नाही. मी तिथे रडले, मला वाटलं परक्यांचं पोर म्हणून हाकलून देताहेत. तिसऱ्या दिवशी ताप उतरला. नऊ वर्षांत माझ्या दोन्ही मुलांना मिळून दोनदाच अँटिबायोटिक लागलं आहे, आणि आता नागपूरला गेल्यावर भाचीची औषधांची पिशवी बघून माझ्या पोटात गोळा येतो. जंगलातून, उंच गवतातून आल्यावर मात्र मुलीचं अंग तपास. काखेत, गुडघ्यामागे, केसांत. आपल्याकडे गोचीड गुराढोरांना, इथे ती पोरांना चिकटते, आणि तिच्यापासून आजार होतात.

किटाची जागा. कायद्याने वर्ष झालेल्या प्रत्येक मुलाला जागेचा हक्क आहे, २०१३ पासून, पण हक्क आहे म्हणून जागा असतेच असं नाही. पत्ता मिळाला त्याच दिवशी नाव घाल, एका ठिकाणी नाही, जेवढी जवळ असतील तेवढ्यांत. दर महिन्याला ईमेल कर, अजून हवी आहे म्हणून. नुसती वाट बघणाऱ्याचं नाव मागे पडतं. तुझी मुलगी तीनच्या उंबरठ्यावर आहे, म्हणून दोन्ही गटांत घाल, तीनच्या आतल्या आणि वरच्या. फ्रँकफर्ट ज्यात येतं त्या हेसेन राज्यात तीन वर्षांपुढे रोजचे सहा तास २०१८ पासून मोफत आहेत, वर लागतील त्याचे पैसे. तोवर टागेसमुटर बघ, म्हणजे परवाना घेऊन घरी मुलं सांभाळणारी बाई. एका वेळी पाचांपेक्षा जास्त घेत नाही. लहान मुलीला मला तेच जास्त आवडलं होतं.

जागा मिळाली तरी दुसऱ्या दिवशी कामावर जाशील असं धरू नको. इथे रुळवण्याचा काळ असतो, दोन-तीन आठवडे, कधी जास्त. आई किंवा बाबा रोज सोबत बसतो, छोट्याशा खुर्चीवर कोपऱ्यात, आधी तासभर, मग दहा मिनिटं बाहेर, मग अर्धा तास. मूल रडून राहायला शिकतं असं ते मानत नाहीत. नागपुरात प्ले स्कूलच्या दारात बाईने माझ्या मुलाला काखेतून उचलून आत नेलं होतं, तो हात पसरून ओरडत होता, आणि मला सांगितलं होतं, ‘मॅडम, मागे बघू नका, दोन दिवसांत शांत होतो.’ तो झाला शांत. इथे त्या छोट्या खुर्चीवर बसले असताना मला ते दार आठवायचं. रुळवण्याची ही पद्धत आपल्याकडेही यायला हवी असं मला मनापासून वाटतं.

जेवणाचं आधीच लिहून दे: मांस नाही, आणि जिलेटिनही नाही. वाढदिवसाला वाटतात त्या रबरी गोळ्यांत ते असतं.

आता शाळेचं, जे मला अजून टोचतं.

मुलाला किटात जागा मिळायला अकरा महिने लागले. चार वर्षं उलटून गेल्यावर तो जर्मन ऐकायला लागला. तोवर तो मराठीत न थांबता बोलणारा पोरगा होता, आर्वीच्या आजोबांच्या शेतातल्या विळ्या-कुऱ्हाडीपासून ट्रॅक्टरच्या भागांपर्यंत सगळी नावं त्याला यायची. तिथल्या एका शिक्षिकेने मला बाजूला घेऊन सांगितलं, मायेने सांगितलं, की घरी जर्मन बोला, नाहीतर शाळेत मागे पडेल. माझं स्वतःचं जर्मन तेव्हा दुकानात दूध मागण्यापुरतं. पण मी घाबरले. मी ठरवलं की आता घरात त्याच्याशी मराठी नाही.

एक दिवस तो किटातून आला, मूठ बंद होती. आत चेस्टनट होतं, इथे शरदात रस्त्यावर पडलेली असतात, तपकिरी, गुळगुळीत, लाकडाला पॉलिश केल्यासारखी. दारातच म्हणाला, ‘आई, हे बघ न, झाडावरून माझ्या डोक्यावर…’ आणि मी म्हणाले, जर्मनमध्ये सांग. त्याने माझ्याकडे बघितलं. चेस्टनट खिशात घातलं आणि बूट काढायला खाली बसला. डोक्यावर काय झालं ते त्याने सांगितलं नाही, त्या दिवशी नाही आणि नंतरही नाही.

सव्वा वर्ष मी तसं केलं.

शाळाप्रवेशाआधी आरोग्य खात्याची डॉक्टर मुलांना तपासते. नजर, कान, उडी, चित्र, भाषा. तिने चित्रं दाखवली, नावं सांग म्हणाली. एका चित्रात कुऱ्हाड होती. तो माझ्याकडे वळला आणि माझ्या कानात म्हणाला, ‘कुऱ्हाड.’ डॉक्टरने मला बजावलं की मदत करायची नाही. मी मदत केली नव्हती. त्याला येत होतं. ते मला तिला सांगता आलं नाही, माझं जर्मन तिथे पुरलं नाही, आणि तो रकाना रिकामा गेला. शेवटी शाळेने ठरवलं की त्याला एक वर्ष मागे ठेवू, पहिलीच्या आधीच्या फोरक्लासं नावाच्या वर्गात. कागद पुढे केला आणि मी सही केली. नवरा ऑफिसात होता. त्याला फोनही केला नाही, समोरची बाई घड्याळ बघत होती म्हणून.

सही तिथल्या तिथे करायची नसते. कागद घरी नेता येतो, दुभाष्या मागता येतो, वेळ मागता येतो, लेखी आक्षेप घेता येतो. तुझी मुलगी लहान आहे, ती तिसऱ्या वर्षापासून जर्मन ऐकेल, तिला कदाचित हे काहीच लागणार नाही. तरी लक्षात ठेव. आणि शाळेत नाव घालायचं काम प्रवेशाच्या सव्वा वर्ष आधी सुरू होतं, तेव्हाच भाषा तपासतात.

२०१९ च्या ऑगस्टात त्याच्या किटातले सोबती पहिलीत गेले. पहिल्या दिवशी इथे मुलांच्या हातात त्यांच्याएवढा मोठा कागदी शंकू देतात, खाऊ आणि पेन्सिलींनी भरलेला. त्या सकाळी आम्ही त्याला त्या रस्त्याने नेलं नाही.

नंतर एका वाचोपचार, म्हणजे स्पीच थेरपी, करणाऱ्या बाईंकडे गेलो. तिने पहिल्याच भेटीत विचारलं, घरी कोणती भाषा. मी अभिमानाने सांगितलं, जर्मन. ती जरा वेळ गप्प राहिली आणि म्हणाली, तुमची सगळ्यात चांगली भाषा त्याच्याशी बोला, दुसरी तिच्यावरच चढते. मी त्याच संध्याकाळी मराठी सुरू केलं. तो उत्तर जर्मनमध्ये देत राहिला. आजही देतो. बारा वर्षांचा झाला, गिमनाझियमला, म्हणजे पुढे विद्यापीठाकडे नेणाऱ्या शाळेला, जातो, गणितात चांगला आहे. सगळे म्हणतात, बघ, काही बिघडलं नाही.

त्याच वर्षी मी गावच्या कार्यालयातून एक लायओमा मिळवली, म्हणजे उसनी आजी. ज्यांची नातवंडं दूर आहेत अशा म्हाताऱ्या बायका आपण होऊन येतात, आठवड्यातून दोन-तीन तास मुलांपाशी बसतात. तू आल्या आल्या चौकशी कर, मी तीन वर्षं उशीर केला. आमच्याकडे येते ती बुधवारी दुपारी. पायात लोकरी मोजे घालून बसते, पोरांना पुस्तक वाचून दाखवायची, आता मुलगा तिला वाचून दाखवतो. तिच्याशी तो तासभर बोलतो, शाळेतलं, मित्रांचं, भांडणांचं. मी स्वयंपाकघरातून ऐकते. मग रविवारी माझ्या आईचा व्हिडिओ कॉल येतो. ती विचारते, ‘काय रे बाबू, जेवला का?’ तो म्हणतो, ‘हो.’ ती विचारते, ‘काय करून राहिला?’ तो म्हणतो, ‘काही नाही.’ आणि मग तो माझ्याकडे बघतो, फोन घे म्हणून. आई फोन ठेवल्यावर मला परत लावते आणि विचारते, ‘काहून बोलत नाही गं तो माझ्याशी? रागावला का?’

मी तिला अजून सांगितलेलं नाही की ते मी केलं.

एकटेपणाचं वर दोन ओळींत उरकलं खरं. हे त्यातलंच आहे बहुतेक.

मुलीशी मी पहिल्या दिवसापासून मराठीच बोलले, ती खणखणीत बोलते, भांडतेसुद्धा मराठीत. २०२२ मध्ये आम्ही तान्ह्या पोळ्याला नागपुरात होतो. चार वर्षांची ती, धोतर-फेटा बांधून लाकडी नंदी ओढत गल्लीत दारोदार गेली, प्रत्येक घरी नाव सांगितलं, बोजारा म्हणून खाऊ-पैसे घेतले, धाकट्या काकांकडे दोनदा गेली. मुलगा नऊ वर्षांचा, फाटकाशी उभा होता. तो नंदी त्याचाच. आजोबांनी तो दीड वर्षांचा असताना आणला होता, शिंगांना पितळी टोपणं, एका चाकाचा खिळा ढिला. २०१६ मध्ये निघताना बॅगेचं वजन दोन किलो जास्त भरलं, तेव्हा मी तो काढून माळ्यावर ठेवला आणि त्या जागी स्वेटर कोंबले.

तू सामानाचं विचारलंस. स्वेटर, जाकिटं, पावसाचे बूट काही आणू नको, इथे मिळतं, वापरलेलं तर फार स्वस्त मिळतं, आणि थंडी-पावसाला तेच चालतं. कुकरची रिंग आण, जुनी सुती लुगडी दुपट्यांसाठी आण, मराठी गोष्टींची पुस्तकं आण. मुलीचा नंदी असेल तर तोही आण. चाकं काढली की तो हातातल्या बॅगेत बसतो, मी परवा मोजून बघितलं.